ठसा चुकलेली नाणी: खरी कशी ओळखावीत आणि विकावीत कोठे?

गणपतगल्ली_किराणा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. बेळगावात आमचे किराणा मालाचे दुकान आहे. शनिवारच्या बाजाराला येणारी खेड्यापाड्यांतील गिऱ्हाइके आणि सौंदत्तीच्या यात्रेच्या दिवसांत ये-जा करणारे भाविक यांच्यामुळे गल्ल्यात चिल्लर भरपूर जमते. त्यातच आमच्या भागात दहाचे नाणे घ्यायला अजूनही पुष्कळ जण नाखूश असतात, त्यामुळे ते एकदा दुकानात आले की मुक्कामालाच राहते. रात्री हिशेबाच्या वेळी चिल्लर निवडताना विचित्र दिसणारी नाणी बाजूला काढण्याचा नाद माझ्या मुलाला लागला असून त्याच्या डब्यातील चार नाण्यांविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

पहिले नाणे दोन रुपयांचे, रुपयाचे नवे चिन्ह असलेले. त्याचा ठसा एका बाजूला सरकला आहे आणि दुसऱ्या बाजूस चंद्रकोरीएवढा भाग कोरा राहिला आहे. साल मात्र वाचता येते. दुसरे एक रुपयाचे असून त्याची एक बाजू नीट आहे व दुसरी अगदी गुळगुळीत, जणू काही उमटलेच नाही. तिसरे दहाचे, त्याचा मधला पांढरा गोल मध्यभागी बसलेला नाही आणि एका अंगाला बारीक फट दिसते. चौथे पाच रुपयांचे जुने जाड नाणे आहे. त्याच्या एका बाजूस नेहमीसारखे सिंह आहेत, पण दुसऱ्या बाजूसही तेच सिंह आहेत आणि तेथे ते उलटे व खोल गेलेले आहेत.

मुलाने यांची छायाचित्रे एका जाहिरात संकेतस्थळावर टाकली. दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थाने फोन करून चारही नाण्यांचे मिळून दोन लाख रुपये देऊ केले, मात्र त्याआधी नोंदणी आणि 'रिझर्व्ह बँकेचा दाखला' यांसाठी काही हजार रुपये भरावे लागतील, असे सांगितले. मी पैसे भरलेले नाहीत. उलट, कोल्हापूरहून नियमित येणारे एक व्यापारी चारही नाणी तीनशे रुपयांत मागतात. दोन लाख आणि तीनशे यांच्या मधले खरे काय ते मला कळेनासे झाले आहे.

ही नाणी टांकसाळीतच चुकली की नंतर कोणी बिघडवली, हे घरी कसे ओळखावे? अशी नाणी विकणे कायद्याला धरून आहे का? विकायचीच झाली तर बेळगावातून कोठे जावे? घरच्या मंडळींना ती चिंचेने घासून लख्ख करायची आहेत. तूर्त मी त्यांना थोपवून धरले आहे.

उद्यमबाग_डायमेकर (उत्तर)

नमस्कार साहेब. आधी चिंच लांब ठेवा. नाणे घासले की वरचा मूळ थर जातो, बारीक ओरखडे पडतात, आणि संग्राहक त्याच्याकडे पाहतही नाही.

मी नाणी जमवत नाही. माझा धंदा प्रेस टूल आणि डाय, म्हणजे ठसा उमटवणारे पोलादी साचे, तयार करण्याचा आहे. मात्र नाणे हे शेवटी प्रेसवर डायने ठोकलेले एक चकतीचे काम आहे आणि त्यात काय चुकू शकते, हे प्रेसवर काम केलेल्या माणसाला चांगले कळते. म्हणून एकच कसोटी सांगतो: दोष पाहिल्यावर तो प्रेसच्या कोणत्या टप्प्यावर झाला असेल, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. तसा टप्पा सापडला नाही तर ते नाणे बाहेर कोणीतरी बिघडवलेले आहे, असे बहुतेक वेळा समजावे.

टप्पे असे असतात. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात आणि मग त्यांच्या कडा दाबून किंचित उचलून घेतात. अशी तयार चकती प्रेसमध्ये दोन डायच्या मध्ये, कॉलर नावाच्या पोलादी कड्याच्या आत बसते आणि एकाच दाबात दोन्ही बाजूंचे ठसे उमटतात. धातू बाहेर पसरू नये म्हणून कॉलर असते. नाण्याची गोलाई आणि कड तिच्यामुळेच येते. आजचे प्रेस मिनिटाला शेकडो नाणी ठोकतात. त्या वेगात एखादी चकती वेडीवाकडी बसली किंवा आधीचे नाणे बाहेरच पडले नाही, तर ते कोणाच्या लक्षात येण्याआधी पिशवीत गेलेले असते.

आता तुमचे दोन रुपयांचे नाणे घ्या. चकती कॉलरमध्ये न बसता थोडी बाहेर राहिली आणि त्या स्थितीतच दाब पडला, की ठसा सरकतो. येथे दोन खुणा पाहाव्यात. कोरी चंद्रकोर दोन्ही बाजूंना त्याच जागी यायला हवी, कारण चकती एकच आणि ती सरकली तर दोन्ही डायच्या संदर्भात सरकणार. दुसरी खूण अशी की ठोकताना कॉलरचा अटकाव नसल्यामुळे असे नाणे तंतोतंत गोल राहत नाही. व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या मोजपट्टीने, दोन-तीन दिशांनी मापले की फरक कळतो. ठसा एकाच बाजूला सरकलेला असेल आणि दुसरी बाजू मध्यभागी असेल, तर एकच डाय हलली असण्याचा संभव आहे. तोही टांकसाळीचाच दोष, पण फार लहान मानला जातो.

एक रुपयाबद्दल मला शंका आहे. एका वेळी दोन चकत्या एकावर एक प्रेसमध्ये गेल्या, तर प्रत्येकीची एक बाजू कोरी राहते, हे खरे. परंतु बाजू कोरी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती ग्राइंडरवर धरणे, आणि आमच्या उद्यमबागेत असे ग्राइंडर गल्लोगल्ली आहेत. खरे एकांगी नाणे पूर्ण वजनाचे असते. घासलेल्याचे वजन घटते, कोऱ्या बाजूची उचललेली कड नाहीशी होते आणि भिंगातून एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील रुपयाचे ठरलेले वजन ३.७९ ग्रॅम आहे आणि दोन रुपयांचे ४.८५ ग्रॅम; २०१९ च्या नव्या मालिकेतील नाणी याहून हलकी असतात, म्हणून आधी मालिका पाहावी. शहापुरातील कोणत्याही सराफाच्या काट्यावर मिलीग्रॅमपर्यंत वजन मिळेल. स्वयंपाकघरातला काटा येथे चालणार नाही.

दहाचे नाणे दोन तुकड्यांचे असते. बाहेरचे कडे ॲल्युमिनियम-ब्राँझचे आणि मधला गोल तांबे-निकेलचा. हे दोन तुकडे वेगवेगळे येतात आणि ठसा उमटवणाऱ्या त्याच दाबाने एकमेकांत घट्ट बसतात. मधला गोल भोकात नीट न पडता तिरपा राहिला आणि दाब पडला, तर त्याचा धातू कड्यावर ओसंडतो, आणि ओसंडलेल्या त्या धातूवरही ठसा उमटतो. हे हाताने करता येत नाही. उलट, पंच मारून गोल बाहेर काढला आणि पुन्हा बसवला, तर ठसा गोलाबरोबर फिरतो किंवा सरकतो, सांध्यावर ठोक्याच्या खुणा राहतात आणि बऱ्याचदा डिंकाचा थर सापडतो. नुसत्या फटीवरून काही ठरवू नका. धातू ओसंडला आहे का, ते पाहा. मधला गोल नसलेली दहाची 'दुर्मीळ' कडी म्हणून जी विकली जातात, त्यांतील फार थोडी खरी असतात. गोल नसताना कडे ठोकले गेले असेल, तर आतल्या भोकाची धार दाबाने आत सरकलेली असते. तुमच्या-माझ्या हातोड्याने काढलेल्या गोलाचे भोक मात्र स्वच्छ राहते.

पाचचे नाणे या चारांत सर्वांत गमतीचे वाटते. ठोकलेले नाणे वरच्या डायला चिकटून राहिले आणि खाली नवी चकती आली, की त्या चकतीवर खालून डायचा सरळ ठसा उमटतो आणि वरून चिकटलेल्या नाण्याच्या सिंहांचा उलटा, खोलगट ठसा उमटतो. तुम्ही वर्णन केले आहे ते नेमके असेच. बनावट करणारे दोन नाणी व्हाइसमध्ये दाबून असा ठसा आणतात, मात्र त्या दाबात पहिल्या बाजूचे सिंह चेपतात आणि कडही फाकते. सरळ बाजू निर्दोष असेल, कड अखंड असेल आणि वजन ९ ग्रॅमच्या जवळ असेल, तर ते जपून ठेवा.

निपाणीचा_संग्राहक (उत्तर)

डायमेकर साहेबांनी यंत्राची बाजू इतकी स्पष्ट सांगितली आहे की त्यात भर घालण्यासारखे थोडेच उरते. पाच रुपयांच्या ज्या प्रकाराचे वर्णन त्यांनी केले, त्याला आम्ही संग्राहक ब्रॉकेज किंवा लाखी नाणे म्हणतो. मी किमतीच्या आणि गैरसमजांच्या बाजूने लिहितो.

बाजारात 'एरर' म्हणून जे विकले जाते, त्यातील फार मोठा भाग मुळात चूकच नसते. दहाच्या नाण्यावर दहा रेषा की पंधरा रेषा, यावरून आपल्या भागात किती वाद झाले ते आपण पाहिलेच आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते की तोपर्यंत दहाची नाणी १४ वेगवेगळ्या आकृतिबंधांत निघाली असून ती सर्व चलनात ग्राह्य आहेत. म्हणजे रेषांचा फरक हा आकृतिबंधाचा फरक आहे. चूकही नाही आणि खोटे नाणेही नाही.

दुसरा गैरसमज टांकसाळीच्या खुणेचा. सालाखाली हिऱ्याची आकृती असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, लहान ठिपका असेल तर नोएडाचे. कोलकात्याच्या नाण्यावर कोणतीही खूण नसते. तरीही 'टांकसाळीची खूण राहून गेलेले दुर्मीळ नाणे' अशी जाहिरात करून कोलकात्याची साधी नाणी विकणारे महाभाग आहेत, आणि ती घेणारेही आहेत. तसेच १९८५ च्या काही नाण्यांवर इंग्रजी 'एच' किंवा 'सी' अक्षर दिसते. त्या वर्षी परदेशातील टांकसाळींकडूनही नाणी पाडून घेतली होती, एवढाच त्याचा अर्थ. त्या नाण्यांना संग्रहमूल्य असू शकते, पण ते चुकीच्या नाण्याचे मूल्य नव्हे. वैष्णोदेवीचे पाचाचे किंवा दहाचे नाणे, गेंड्याचे पंचवीस पैसे, हे तर समाजमाध्यमांवरच्या अफवांचे कायमचे मानकरी. ती मोठ्या संख्येने निघालेली नाणी आहेत.

खानापूर, संकेश्वर, चिकोडी या बाजूच्या जुन्या घरांत तांब्याच्या शिवराया सापडतात आणि त्यांवरची 'श्री राजा शिव' ही अक्षरे अर्धीच दिसतात म्हणून लोक त्यांना चुकीची नाणी समजून आणतात. त्या काळी नाणे हाताने ठोकत आणि डाय बहुधा चकतीपेक्षा मोठी असे, त्यामुळे ठशाचा काही भाग बाहेर जाणे हे नेहमीचेच होते. शिवराईवर पूर्ण अक्षरे दिसली तरच संग्राहकाला आनंद होतो. यंत्राने पाडलेल्या नाण्याला जो नियम लागतो, तो तेथे उलटा होतो.

आता किंमत. ठसा सरकलेल्या नाण्यात किती भाग कोरा आहे आणि साल व टांकसाळीची खूण दिसते का, यावर सारे अवलंबून असते. किंचित सरकलेल्या नाण्याला दर्शनी मूल्यापेक्षा फारसे अधिक कोणी देत नाही. अर्ध्याच्या आसपास सरकलेले आणि तरीही साल दिसणारे असेल, तर मागणी चांगली असते. ॲल्युमिनियमच्या जुन्या पैशांत सरकलेले ठसे पुष्कळ मिळतात, म्हणून ते स्वस्त. दहाच्या दोन धातूंच्या नाण्यात किंवा वीस रुपयांच्या बाराकोनी नाण्यात मोठा दोष क्वचित मिळतो, म्हणून ते महाग. डायला तडा गेल्यामुळे नाण्यावर उठलेली बारीक रेघ माझ्या मते विकत घेण्याच्या लायकीची नाही. पोलादी नाण्यांत ती इतकी आढळते की तुमच्या गल्ल्यातही आज दोन-चार असतील. तडा वाढत जाऊन डायचा तुकडाच पडला आणि नाण्याच्या कडेला मोठा उंचवटा आला, तर गोष्ट वेगळी.

एक प्रकार तुम्ही विचारलेला नाही, पण दुकानदाराला तो सहज सापडू शकतो. आपली नाणी पुस्तकाचे पान उलटावे तशी बाजूला उलटली, तर दोन्हीकडचे चित्र सरळ उभे दिसते. (अमेरिकेच्या नाण्यात मागची बाजू नेहमीच उलटी असते, म्हणून तेथील चित्रफिती पाहून आपली नाणी तपासू नयेत.) आपल्या नाण्याची मागची बाजू काटकोनात किंवा पूर्ण उलटी आली, तर डाय बसवताना फिरली होती असे समजावे. थोड्याशा कलाला कोणी विचारत नाही, पण पूर्ण उलटी असेल तर नाणे बाजूला ठेवा. हा दोष घरी कोणाला बनवता येत नाही, म्हणून नव्या माणसाने खरेदी करायचीच तर येथून सुरुवात करावी, असे मी सांगतो.

त्याचप्रमाणे कड चंद्रकोरीसारखी कापली गेलेली नाणी. पट्टीतून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर पडला, की असे होते. खऱ्या नाण्यात कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड अस्पष्ट असते, कारण कड उचलण्याच्या यंत्रात त्या जागी पुरेसा दाब मिळत नाही. कानसने कापणाऱ्याला हे ठाऊक नसते.

चिकोडी_वकील (उत्तर)

कायद्याविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. येथे लिहिलेले सर्वसाधारण माहितीसाठी आहे, सल्ला म्हणून घेऊ नये.

आज लागू असलेला कायदा म्हणजे नाणे अधिनियम, २०११. त्याने १९०६ चा जुना कायदा रद्द केला. या अधिनियमानुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे निषिद्ध आहे आणि नष्ट केलेले वा विद्रूप केलेले नाणे ताब्यात ठेवणेही निषिद्ध आहे. त्याच तरतुदीत असेही म्हटले आहे की आपल्या वाजवी गरजेपेक्षा बरीच अधिक नाणी दर्शनी मूल्याहून वेगळ्या किमतीला विकण्याच्या हेतूने कोणी जवळ बाळगू नयेत. वाजवी गरज ठरवताना व्यवसायाचे स्वरूप, रोजच्या व्यवहाराला लागणारी चिल्लर आणि नाणी मिळवण्याची पद्धत विचारात घेतली जाते. उल्लंघनाला सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

याचा अर्थ गल्ल्यात आलेली दोन-चार नाणी संग्राहकाला देणारा माणूस गुन्हेगार ठरतो, असा माझ्या वाचनात तरी निघत नाही. त्या तरतुदीचा रोख चिल्लर साठवून टंचाई करणाऱ्यांवर आणि धातूसाठी नाणी वितळवणाऱ्यांवर आहे; देशभर नाण्यांची प्रदर्शने आणि लिलाव उघडपणे होत असतात. मात्र चूक सापडेल या आशेने कोणी पोतीच्या पोती चिल्लर विकत घेऊन घरात रचून ठेवू लागला, तर त्याला प्रश्न विचारला जाऊ शकतो. निवडून झालेली चिल्लर लगेच व्यवहारात परत घालावी किंवा बँकेत भरावी.

डायमेकर साहेबांनी ग्राइंडरचा उल्लेख केला आहे. मुद्दाम नाणे घासून ते चुकीचे म्हणून विकणे ही नाणे विद्रूप करण्याची गोष्ट आहेच, शिवाय ती फसवणूकही आहे. शंकास्पद नाणे पुढे विकताना शंका सांगून विकावे, किंवा विकूच नये.

आणखी दोन गोष्टी. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, पण ती संग्रहात ठेवायला हरकत नाही. तसेच शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून शिवराईसारखी नाणी परदेशी ग्राहकाला पाठवण्याच्या फंदात पडू नये.

फोन करणाऱ्या गृहस्थांविषयी बोलायचे तर रिझर्व्ह बँक जुनी नाणी वा नोटा विकत घेत नाही, कोणाला त्यासाठी दलाल नेमत नाही आणि शुल्क किंवा कमिशनही मागत नाही. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जनतेला सावध करणारे निवेदन काढले होते. अशा 'दाखल्या'ला काहीही आधार नाही. पुन्हा फोन आला तर क्रमांक आणि संदेश जपून ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. पैसे गेलेले नसले तरी कळवायला हरकत नाही.

गणपतगल्ली_किराणा (प्रश्नकर्त्याचे उत्तर)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, याबद्दल मनापासून आभार. शहापुरात सराफाकडे वजने करून घेतली आणि ओळखीच्या एका वर्कशॉपमधून व्हर्नियर आणला.

दोन रुपयांचे वजन ४.८४ ग्रॅम भरले. दोन्ही बाजूंची कोर एकाच जागी येते आणि व्यास सगळीकडे सारखा नाही. रुपयाचे वजन जेमतेम ३.१ ग्रॅम आहे, कोऱ्या बाजूला कड नाही आणि मुलाला भिंगातून रेघाही दिसल्या. दहाच्या नाण्यात धातू ओसंडलेला नाही, उलट सांध्यात काहीतरी पिवळट वाळलेले आहे. पाचचे वजन ८.९८ ग्रॅम असून सरळ बाजूचे सिंह अगदी ठसठशीत आहेत, कडही अखंड आहे.

म्हणजे रुपया आणि दहाचे नाणे बाद. पाच आणि दोन रुपयांचे विकावे म्हणतो. कोल्हापूरचे व्यापारी आता त्या दोघांचेच पाचशे म्हणू लागले आहेत.

टिळकवाडी_संग्रह (उत्तर)

दादा, कोल्हापूरकरांनी चारांचे तीनशे म्हटले होते आणि आता दोहोंचे पाचशे म्हणतात, यावरूनच त्यांना पहिल्या दिवसापासून पाचचे नाणे काय आहे ते माहीत होते, हे उघड आहे. त्यात त्यांचा दोष नाही. व्यापारी स्वस्त मागणारच. मात्र पाचचे नाणे त्यांना देऊ नका.

मी स्वतः अनेक वर्षे गणराज्य काळातील नाणी जमवते आणि विकतेही. माझे मत असे की ही दोन नाणी दोन वेगवेगळ्या मार्गांनी विकावीत. दोन रुपयांचे नाणे संग्राहकांच्या व्हॉट्सॲप किंवा फेसबुक गटात विकले जाईल. त्याला नैसर्गिक उजेडात काढलेली दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे, वजन आणि व्यास एवढे पुरेसे आहे. किंमत ठरवताना कोणी किती मागतो ते पाहू नका. तेथे पाच रुपयांच्या नाण्याला पाच लाख मागायलाही कोणाला खर्च येत नाही. ज्या किमतीला व्यवहार पूर्ण झाला, तीच किंमत. मोठी लिलावगृहे आपल्या लिलावांत प्रत्यक्ष आलेल्या बोली प्रसिद्ध करतात. तुमच्या नाण्यासारखे नाणे त्यांत शोधा आणि लिलावगृहाचे कमिशन वजा करून विचार करा.

पाचच्या लाखी नाण्यासाठी मात्र घाई करू नका. निपाणीच्या दादांचे मत कदाचित वेगळे असेल, पण असे नाणे गटात टाकले की सर्वांत आधी व्यापारीच धावतात आणि खरा संग्राहक मागे राहतो. मुंबई आणि बेंगळुरू येथे नाण्यांचे नियमित लिलाव होतात आणि बेळगावहून दोन्हीकडे रात्रीच्या गाडीने जाता येते. ते आधी छायाचित्रावरून प्राथमिक मत देतात आणि नाणे घेतले तर लेखी पावती देतात. पुण्याला नाण्यांचे प्रदर्शन भरते, तेथेही एकाच छताखाली अनेक जाणकार भेटतात. हातातले नाणे तिघांना दाखवा आणि तिघे काय बोलतात ते ऐका, मगच आकडा बोला.

परदेशी कंपनीकडून नाणे तपासून प्लास्टिकच्या बंद डबीत घालून घ्यावे का, असा प्रश्न पुढे तुम्हाला कोणीतरी सुचवेल. एकट्या नाण्यासाठी शुल्क, पाठवणी आणि विमा यांचा खर्च पाहता ते परवडेलच असे नाही. लिलावगृहाने स्वतः तसे सुचवले तर विचार करा.

निपाणीचा_संग्राहक (उत्तर)

ताई, मतभेद नाही, एक दुरुस्ती आहे. गटातही जुने, नावाजलेले संग्राहक असतात आणि ते कधी कधी व्यापाऱ्यापेक्षा अधिक देतात. पण त्यांना ओळखायला वेळ लागतो, आणि किराणावाल्या साहेबांना तेवढा वेळ नाही, म्हणून त्यांच्यासाठी लिलाव हाच बरा मार्ग. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाणे विकायचे नाही ती किंमत, ठेवायची का, हे मात्र आधी विचारून घ्या. काही ठिकाणी राखीव किंमत ठेवून नाणे विकले गेले नाही तरी थोडे शुल्क द्यावे लागते.

तोपर्यंत नाणे दुकानात मिळणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या रसायनाने तांबे-निकेलवर हिरवट चिकट थर येतो. कागदी चौकटीत पारदर्शक पापुद्रा असलेले नाण्यांचे होल्डर मिळतात, ते घ्या, आणि पिन मारताना नाण्याला ओरखडा जाणार नाही इतके अंतर ठेवा. हाताळताना फक्त कडेने धरा.

उद्यमबाग_डायमेकर (उत्तर)

वजने वाचून बरे वाटले. एक विनंती आहे. पाचच्या नाण्याच्या खोलगट बाजूचे जवळून एक छायाचित्र येथे टाकता येईल का? उलटा ठसा सरळ ठशाएवढाच मोठा आहे की थोडा पसरलेला, ते पाहायचे आहे. चिकटलेले नाणे डायवर एकच ठोका खाऊन होते की बरेच ठोके खाऊन टोपीसारखे पसरले होते, ते त्यावरून कळेल. पहिल्या ठोक्याचा, त्याच मापाचा स्वच्छ ठसा असेल तर संग्राहक त्याला अधिक मानतात, असे मी ऐकून आहे. टिळकवाडीच्या ताई त्याबद्दल नेमके सांगू शकतील.

टिळकवाडी_संग्रह (उत्तर)

अगदी बरोबर. छायाचित्र काढताना फ्लॅश बंद ठेवा, दिवा एका बाजूने तिरपा धरा आणि त्याच चौकटीत शेजारी एक साधे पाचचे नाणे ठेवा, म्हणजे दोन्ही सिंहांची उंची ताडून पाहता येईल. लिलावगृहालाही तेच छायाचित्र पाठवा.